खालच्या नळीतली तार

मित्रांनो, चारही चाकांना जोर असलेली, डोंगरात चालायला बनवलेली एक जुनी गाडी तुमच्याशी बोलते आहे. माझा मूळ रंग हिरवा होता. आता त्याला काय म्हणायचं ते बघणाऱ्याने ठरवावं. माझी दारं दणकन ओढल्याशिवाय लागत नाहीत आणि डावा वायपर मनात आलं तरच हलतो. यातलं काही मला लागत नाही. लोखंडाला लागत नाही, लोखंड फक्त तापतं. मी कशी तापले, तेवढंच सांगायचं आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठिणग्या आठवतात, आणि माझ्या दारावर पडलेला आपल्याच बोटांचा ठसा पदराने पुसणारी एक कामगार बाई आठवते. तिथून मी पाणीपुरवठा खात्यात दाखल झाले. तलाव डोंगराच्या या बाजूला आणि शहर पलीकडे. मधल्या चढावरून माणूस आत वाकून चालेल एवढे नळ गेले होते. त्या नळांवर देखरेख करणारे साहेब मला चालवायचे. आता घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबा नळाला कान लावत आणि आत काय चाललं आहे ते सांगत. झाडाची मुळं, गाळ, एकदा तर कुणाची तरी चप्पल त्यांनी नळातून काढली होती. "नळात पाणी सोडून दुसरं काहीही असलं, की तो आपला वैरी," असं ते हाताखालच्या लोकांना सांगत. त्यांची उभी नोकरी त्या एका वाक्यावर झाली.

ते निवृत्त झाले तेव्हा खात्याने मलाही मोडीत काढलं. बाबांनी मला घरी आणलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आजी, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "एक निवृत्त माणूस सांभाळायचा होताच. आता दोन झाले." पण संध्याकाळी त्यांनीच जुन्या चादरीची कव्हरं शिवून माझ्या सीटांवर चढवली.

ते दिवस बरे होते. बाबा रोज सकाळी माझं बॉनेट उघडत, पाणी बघत, तेल बघत आणि काहीही बिघडलेलं नसताना उगाच हं, हं करत. आजी आतून विचारत, "काय म्हणते तुमची लाडकी?"

आता माझ्या पोटातलं थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. इंजिन चाललं की तापतं. त्याच्याभोवती पाणी फिरतं, ती धग घेतं आणि वरच्या नळीने पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जातं. तिथे वाऱ्याने गार होतं. मग पंप ते खालच्या नळीतून पुन्हा आत ओढून घेतो. एवढंच. वरून जायचं, खालून यायचं.

माझ्या खालच्या नळीला एकदा चीर पडली. बाबांनी नवी रबरी नळी आणली आणि अंगणात स्वतःच बसवायला घेतली. नळीच्या आत तारेचं लांब वेटोळं होतं. बाबांनी पक्कड लावून ते ओढून काढलं.

"बघ, काय काय कोंबून ठेवतात! पाणी वाहणार कसं?"

"हो ना," आजी म्हणाल्या, "कारखानावाल्यांना मेली अक्कलच नाही. सगळी तुमच्याकडे आली."

बाबांना ते कौतुक वाटलं. त्यांनी वेटोळं स्वच्छ पुसलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं केलं आणि त्यात आपल्या शब्दकोड्याच्या पेन्सिली ठेवल्या. मी त्या खिडकीसमोरच उभी असते.

नवं रबर कडक होतं. बराच काळ काही झालं नाही. मग ते धगीने मऊ पडलं आणि मी तापायला लागले. सपाटीवर नाही, गावात नाही. फक्त चढावर. तापमान दाखवणारा काटा वर सरकायचा, बाबा थांबायचे, बॉनेट उघडायचे, आणि तोवर सगळं जागच्या जागी असायचं. "वय झालं तुझं," ते म्हणायचे. मला काही म्हणता येत नव्हतं. मला हॉर्न आहे, जीभ नाही.

एका दुपारी आजींच्या छातीत कळ आली. त्यांना मागच्या सीटवर झोपवलं. घरात सून होती, तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना चढापलीकडे. शेवटच्या वळणाच्या अलीकडे माझ्या नाकातून वाफ निघाली आणि मी बंद पडले. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. बाबा हातात फडकं धरून माझ्यासमोर उभे होते. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं, हे त्यांना माहीत होतं. "गार होऊ दे," ते म्हणत होते. "जरा गार होऊ दे." आजी शेवटी म्हणाल्या, "तुमच्या लाडकीला ओरडू नका हं."

आम्ही पोहोचलो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आजी गेल्या होत्या.

त्यानंतर घर जसंच्या तसं होतं. भांडी वेळेवर घासली जात. दिवे वेळेवर लागत. बाबा रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत, पण बॉनेटला हात लावत नसत. शब्दकोडी घडी न मोडता रद्दीत जात. पेन्सिली खिडकीत होत्या तशाच होत्या. मला वाईट वाटलं का? माहीत नाही. माझ्यावर धूळ बसायची आणि पुसली जायची.

बाबांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, दूरच्या एका धरणाच्या कामावर असतो. तो फोनवर म्हणाला, "भंगारात द्या तिला. मी आलो की दुसरी बघू."

"तू येईपर्यंत काय करू?" सून म्हणाली. ती फोनवर माझ्याच बॉनेटला टेकून बोलत होती. "चिऊला परवा पुन्हा धाप लागली. डॉक्टर म्हणाले, असं झालं की अर्धा तास बघत बसू नका, तडक घेऊन या. तडक म्हणजे कशाने आणू? उचलून?"

चिऊ म्हणजे तिची मुलगी. अजून दात यायचे आहेत. आवाजापेक्षा श्वासच मोठा. सून तिच्या झोपेतही तिच्या छातीवर तळवा ठेवून बसते. माझ्या काट्याकडेही ती तशीच बघते. बाबांनी स्टिअरिंग सोडल्यावर ती चालवायला शिकली, आणि रस्त्याइतकंच लक्ष ती काट्याकडे देते.

ती मला मिस्त्रींकडे घेऊन गेली. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, तेलाने काळी झालेली जमीन आणि टायरवर बसून चहा पिणारे दोन-तीन लोक, ज्यांची गाडी तिथे नसते. मिस्त्रींनी रेडिएटर काढून धुतला. गाळ निघाला, तरी मी चढावर तापलेच. पाणी कधी सोडायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट बदलला. झाकण बदललं. पंखा फिरवणारा पट्टा बदलला. पंप उघडून बघितला, त्याची पाती नव्यासारखी होती. प्रत्येक वेळी शेडमध्ये इंजिन चालू करून ते बघत आणि काटा निमूट मध्ये उभा असे.

"ताई, ही गाडी नाही, पाहुणे आल्यावरचं पोर आहे," मिस्त्री म्हणाले. "माझ्यासमोर हाताची घडी, तोंडावर बोट. तुम्ही घरी नेली की धिंगाणा."

"मग मी काय करू, मिस्त्रीकाका?"

"खरं सांगू? इंजिनचं डोकं उघडावं लागेल. मग ती पुन्हा उभी राहील की नाही, शब्द देत नाही."

टायरवरचा एकजण म्हणाला, "किलोवर द्या." मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो चहा पिऊ लागला.

 चिऊ सुनेच्या कडेवर बाटलीने दूध पीत होती. मिस्त्री माझ्यात बसले आणि शेवटचं बघायचं म्हणून त्यांनी इंजिन चांगलं तापू दिलं. तेवढ्यात बाटलीचं टोपण सुनेच्या हातातून निसटलं आणि घरंगळत माझ्या पुढच्या चाकामागे गेलं. ती ते घ्यायला खाली वाकली. त्याच क्षणी मिस्त्रींनी अॅक्सिलरेटर जोरात दाबला.

ती तशीच वाकून राहिली.

"काका, पुन्हा दाबा."

"काय झालं?"

"दाबा ना. मघाइतकाच."

त्यांनी दाबला. चाकाच्या आडून तिला खालची नळी दिसत होती. पंपाने पाणी ओढलं आणि नळी मधोमध चपटी झाली. पाय सुटला, नळी पुन्हा गोल.

"ही बघा," ती म्हणाली, आणि तिने चिऊची बाटली पुढे केली. "ही जोरात ओढते तेव्हा निपल असंच चपटं होऊन बसतं. मग हिला दूध येत नाही आणि ही लालेलाल होते. मला दर वेळी सैल करून द्यावं लागतं."

मिस्त्री उतरले. तिला म्हणाले, "तुम्ही बसा," आणि स्वतः जमिनीवर आडवे झाले. चिऊला मांडीवर घेऊन ती माझ्या सीटवर बसली.

"दाबा, ताई. सोडा. दाबा." मग खालून आवाज आला, "अरे माझ्या कर्मा."

चढावर इंजिन जोरात ओढायचं, नळी मिटायची, आणि मला सर्वांत जास्त तहान लागलेली असताना माझं पाणी बंद व्हायचं. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत नळी गोल. बघणाऱ्याला काय दिसणार?

मिस्त्रींनी नळी काढली. ती कानाच्या पाळीसारखी मऊ झाली होती. सपाटीपुरती तीच पुन्हा लावून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते नवी नळी घेऊन घरीच आले तेव्हा बाबा पुसायचं फडकं हातात घेऊन अंगणात उभे होते.

"हिच्या आत तारेचं वेटोळं असतं," मिस्त्री नवी नळी दाखवत म्हणाले. "नळी मिटू नये म्हणून. जुनीत ते नव्हतंच. कुणातरी दीडशहाण्याने..."

सुनेची नजर खिडकीकडे गेली. वेटोळ्यात पेन्सिली उभ्या होत्या. तिच्या पाठोपाठ मिस्त्रींचीही नजर तिकडे गेली.

"नळी जुनी झाली होती, काका," ती पटकन म्हणाली. "बाकी काही नाही."

मिस्त्रींनी नळी हातात फिरवली. "हो," ते म्हणाले. "जुनीच होती. रबर किती दिवस टिकणार?"

बाबा नव्या नळीत बघत होते. एक डोळा मिटून, पूर्वी मोठ्या नळांत बघायचे तसे. मग ते आत गेले. संध्याकाळी खिडकीत पेन्सिली आडव्या पडल्या होत्या. वेटोळं तिथे नव्हतं.

सकाळी सून चिऊला घेऊन चढावर निघाली, खरंच जमतं का ते बघायला. बाबा न सांगता येऊन शेजारच्या सीटवर बसले. तिने चिऊ त्यांच्या मांडीवर दिली. त्या दुपारनंतर ते माझ्यात पहिल्यांदाच बसत होते. चढ सुरू झाला.

"काटा?" बाबांनी विचारलं.

"मध्ये आहे."

ते वळण आलं. तिथे उभी असताना माझं तेल ठिबकलं होतं, त्याचा डाग अजूनही आहे. सुनेने वेग कमी केला नाही. बाबांनी एक हात चिऊच्या छातीवर ठेवला होता आणि दुसरा माझ्या डॅशबोर्डवर.

"आणि आता?"

"मध्येच आहे, बाबा."

 माथ्यावर ती थांबली आणि पाणी बघायला उतरू लागली, तेव्हा त्यांनी तिचा दंड धरला. "गरम असताना झाकण उघडू नकोस हं," ते म्हणाले. मग चिऊला तिच्याकडे देऊन ते स्वतः उतरले, आणि माझं बॉनेट वर करून नुसतेच बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी हं केलं.

मित्रांनो, जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणी तापत असेल, गाडी असो की माणूस, तर ते थांबून गार झाल्यावर तपासू नका. तेव्हा सगळं गोलच दिसतं. ते चढावर असताना वाका आणि खालून बघा. आणि ज्याने प्रेमाने सांभाळताना चूक केली, त्यालाही सांभाळा. तो तोंडाने मागणार नाही.

ते वेटोळं आता माझ्या सीटखाली हत्यारांच्या पेटीत आहे. कुणी ठेवलं ते मी बघितलं आहे. सुनेनेही ते बघितलं आणि तिथेच राहू दिलं. खड्डा आला की ते वाजतं. दोघंही ऐकतात, दोघंही समोर बघतात. चिऊला धाप लागली तेव्हा आम्ही तडक गेलो, तेव्हाही ते रस्ताभर वाजत होतं.

काटा मध्ये होता.