आत्याच्या आवाजाची तपेली

मी एक जुनी तांब्याची तपेली आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझं बूड डुगडुगतं. मित्रांनो, स्वतःच्या खोडीपासून गोष्ट सुरू करायला कुणालाच आवडत नाही. पण माझं सगळं आयुष्य त्या बुडापाशी येऊन अडलं, तेव्हा लपवून काय करायचं?

मला घडवलं एका म्हाताऱ्या तांबटाने. त्याचा हात सरावाचा, पण तोंड हाताहून सरावाचं. हातोडीचा एक ठोका आणि शेजाऱ्याशी दोन वाक्यं, अशा चालीने त्याचं काम चाले. पोट त्याने छान गोल आणलं, गळा बेताचा ठेवला, काठ बाहेर वळवला, आणि बुडाशी पोचला तेव्हा नेमकी शेजाऱ्याच्या जावयाची गोष्ट रंगात आली. झालं! बूड फुगीर राहिलं. "असू दे, चुंबळीवर बसेल," असं म्हणून त्याने मला फळीवर ठेवून दिलं. चुंबळ म्हणजे कापड पिळून केलेलं गोल कडं. त्यावर भांडं ठेवलं की ते हलत नाही.

फळीवर मी पुष्कळ दिवस काढले. गिऱ्हाईक मला उचलायचं, फरशीवर ठेवायचं, मी डुगडुगायचे आणि ते शेजारची तपेली घेऊन चालू लागायचं. मग एक दिवस वीस-बावीस वर्षांची एक मुलगी आली. तिने मला फरशीवर ठेवलंच नाही. उचललं आणि चक्क माझ्या काठाशी तोंड नेऊन पाहिलं.

"मापाची आहे," ती म्हणाली.

तांबटाने प्रामाणिकपणे बुडाचं सांगितलं. ती हसली. "मला हिच्यात काही शिजवायचं नाही काका. मला आवाज राखायचाय."

तिला रेल्वे स्टेशनवर नोकरी लागली होती, गाड्यांची घोषणा करायची. कोणती गाडी कुठल्या फलाटावर येते, किती उशिरा येते, ते माईकवरून सांगायचं. घसा बसला की काम बसलं. पुढे सगळं घर तिला आत्या म्हणू लागलं. तेव्हा ती अजून कुणाची आत्या नव्हती, पण आपण आतापासून आत्याच म्हणू.

आत्या आपल्या मोठ्या भावाकडे राहायची. खाली त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या, आणि रस्त्यापलीकडे स्टेशन. खिडकी उघडी असली की फलाटावरचे भोंगे सरळ स्वयंपाकघरात ऐकू येत. त्यामुळे माझं भाग्य असं, की सकाळी जिच्या घशाला मी वाफ द्यायचे, तिचाच आवाज दिवसभर मला ऐकू यायचा. दारात उभं राहून कुणी आपल्यालाच नावाने बोलवावं, असा तो आवाज होता. संध्याकाळच्या सहा-दहाच्या गाडीची घोषणा झाली की दादा खाली दुकानातली घड्याळं त्यावर लावून घ्यायचा. खरं तर गाडी कधीच वेळेवर नसे. पण घोषणा वेळेवर असे.

थंडीच्या दिवसांत माझी चंगळ असायची. गरम पाणी, त्यात निलगिरीची चार पानं, खाली चुंबळ, वर निळ्या पट्ट्यांचा मोठा टॉवेल. टॉवेलखाली आत्या आणि मी दोघीच. बाहेर जग खोकत, शिंकत असायचं आणि आत आम्ही निवांत. हळूहळू शेजारीपाजारी यायला लागले. बस चालवणारा यायचा, त्याचं नाक बारा महिने चोंदलेलं. शाळेतल्या बाई यायच्या, त्यांचा आवाज तिसऱ्या तासाला दगा द्यायचा. समोरचा शिंपी तर काही न होताही यायचा. आत्या कुणाला आल्याचा रस आणि मध द्यायची, कुणाला गरम पाण्यात लिंबू, कुणाला मिठाच्या गुळण्या करायला लावायची. शिंप्याला नुसतं कोमट पाणी द्यायची, आणि तो ते पिऊन लगेच बरा व्हायचा!

कोपऱ्यावरचे डॉक्टर तिची थट्टा करायचे. "तुमच्यामुळे मला माशा मारत बसावं लागणार आहे."

"का हो? ताप उतरेना, दम लागला, की मी तुमच्याकडेच पिटाळते ना सगळ्यांना?" आत्या म्हणायची. तान्ह्या बाळाला मध चाटवायचा नाही, हे तिने त्यांच्याकडूनच शिकून घेतलं होतं आणि गल्लीभर सगळ्यांना बजावलं होतं.

मित्रांनो, बढाई मारायची सवय भांड्यांनाही असते, म्हणून खरं ते सांगते. मी सर्दी बरी करत नाही. ती तिच्या सवडीने येते आणि सवडीने जाते. मी नाक जरा मोकळं करते, घशाला ऊब देते, आणि आजारी माणसाला कुणीतरी आपल्यासाठी पाणी तापवलं एवढं कळतं. मला वाटतं, निम्मं बरं त्यानेच वाटतं.

मग दादाला मुलगी झाली आणि आत्या खरोखरीची आत्या झाली. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. आत्याच्या बोटाला धरून ती जिने चढायची, रस्ता ओलांडायची, स्टेशनवर जायची. एकदा ती माईकसमोर शिंकली आणि ती शिंक चारही फलाटांवर गेली. आत्याने तेवढ्यात सावरून गाडीचा नंबर सांगितला, पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

भिंगरी पाच वर्षांची असताना तिला जोराचं पडसं झालं. दुपारची वेळ होती. आत्याने पाणी तापवलं. चुंबळ धुऊन दोरीवर वाळत घातली होती आणि अजून ओली होती. "पाच मिनिटांचं तर काम," असं म्हणून तिने मला तशीच तिपाईवर ठेवलं. एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हाताने भिंगरीचा हात धरला. इतक्यात खालून स्टेशनच्या शिपायाची हाक आली. गाडीचा फलाट बदलला होता, लोक चुकीच्या बाजूला उभे होते, आत्ताच्या आत्ता घोषणा करायला हवी होती.

"हलू नकोस हं, आलेच मी," असं म्हणून आत्याने हात सोडला.

ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर असेल. भिंगरीने टॉवेल ओढला. मी डुगडुगले. सावरायला मला हात नव्हते. मी कलंडले, फरशीवर आपटले, कुशीत मोठा पोचा पडला, आणि माझ्यातलं पाणी त्या पोरीच्या पावलावर गेलं.

भिंगरीच्या आईने धावत येऊन तिचा पाय नळाखाली धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले, त्यानेच निभावलं. रागावलं कुणी नाही. फक्त वहिनी एकदाच म्हणाली, "वन्सं, पोरीला एकटीला सोडून गेलात?" नंतर तिला त्याचं वाईट वाटलं आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पण एकदा म्हटलेलं पुरलं. पाय बरा झाल्यावर आत्याने मला त्याच निळ्या पट्ट्यांच्या टॉवेलात गुंडाळलं आणि माळ्यावर अगदी मागे ढकलून दिलं.

मी वर गेले आणि आत्याचे सगळे उपायही संपले. शेजारी यायचे, तर ती म्हणायची, "डॉक्टरांकडे जा. मला काही कळत नाही त्यातलं." आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिने स्वतःही वाफ घ्यायची सोडली. घसा बसला तर बसू द्यायचा. ती स्वतःला शिक्षा करत होती, हे माळ्यावरूनही मला कळत होतं. खाली कुणाला कळत होतं की नाही, ठाऊक नाही.

माळ्यावर अंधार होता, पण भोंगा ऐकू यायचा. तिच्या आवाजाला वर्षागणिक चरे पडत गेले. आणि त्या अपघातानंतर ती पहिल्यांदा कामावर गेली तेव्हापासून घोषणेच्या शेवटी एक नवं वाक्य येऊ लागलं : "लहान मुलांचा हात सोडू नका." ते वाक्य तिच्या कागदात नव्हतं. स्टेशनमास्तरांनी विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कागदात नाही साहेब. पण म्हणू द्या." बाकीच्या प्रवाशांना ते एक साधी सूचना वाटायचं. मला ठाऊक होतं, ती रोज, दर गाडीला, स्वतःला बोल लावते आहे.

अशी सव्वीस वर्षं गेली. मी काळी पडले. टॉवेलला कसर लागली. दादा थकला आणि दुकानात आता भिंगरी बसू लागली. जी दोन मिनिटं एका जागी टिकत नव्हती, ती आता डोळ्याला भिंग लावून घड्याळातले तीळभर स्क्रू तासन्‌तास बसवते. माणूस कसा बदलेल, सांगता येत नाही.

मग एके सकाळी खालून कुजबूज ऐकू आली. आत्याचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. उद्यापासून घोषणा यंत्र करणार होतं. आणि चार दिवसांच्या सर्दीने आत्याचा आवाज पार गेला होता. डॉक्टर तपासून गेले होते. घाबरण्यासारखं काही नाही, बोलू नका, एवढंच म्हणाले होते. नव्या स्टेशनमास्तरांनी निरोप पाठवला होता, की संध्याकाळची गाडीही यंत्रच सांगेल, ताईंनी फक्त खुर्चीवर येऊन बसावं.

आत्याने पाटीवर लिहून दाखवलं. भिंगरीने ते मोठ्याने वाचलं. "'सहा-दहाची मीच सांगणार. शेवटची आहे.'" आणि मग ती म्हणाली, "थांब."

माळ्याची फळी करकरली. सव्वीस वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. भिंगरीने मला लिंबू आणि मीठ लावून घासलं. जे घशाला चालतं तेच मला चालतं! मग तिने फरशीवर एक मोठं घमेलं ठेवलं, त्यात चुंबळ, चुंबळीवर मी. दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. मी तसूभर हलले नाही. पाणी उकळी उतरल्यावर ओतलं. आत्या दारात उभी राहून मान हलवत होती. नको, नको.

"ये गं," भिंगरी म्हणाली. "मी पण बसते."

टॉवेलखाली दोन डोकी आली. दोघींनी चार-पाच वेळा खोल वाफ ओढली. मग आत्या कुजबुजली, "मी हात सोडला होता तुझा."

"सोडला होतास," भिंगरी म्हणाली. "मला ते आठवतही नाही नीट. मला आठवतं ते पुढचं. महिनाभर तू मला कडेवर घेऊन स्टेशनवर न्यायचीस. एका हातात माईक आणि एका हातात मी. तुझा दंड भरून यायचा, पण तू मला खाली ठेवायची नाहीस. आत्या, सोडलेला हात तू रोज चारही फलाटांना सांगतेस. पुन्हा धरलास, ते कोण सांगणार?"

माझ्या पाण्यात दोन थेंब पडले. ते वाफेचे नव्हते, एवढं मला कळतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, मित्रांनो. दुपारभर आत्या गप्प बसली, आल्याचा रस आणि मध चाटून झाला, गुळण्या झाल्या, साडेचारला पुन्हा एकदा वाफ झाली. सहाच्या आधी दोघी चपला वाजवत जिना उतरल्या. भिंगरीने तिचा हात धरला होता, की तिने भिंगरीचा, ते वरून दिसलं नाही. खाली शिंपी दुकान सोडून रस्त्यावर आला होता. वहिनीने खिडकी सताड उघडली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

सहा दहाला भोंगा खरखरला. मला वाटलं, यंत्र बोलणार. पण आधी एक बारीक खोकला ऐकू आला, आणि खोकला काही यंत्राला येत नाही. आवाज निम्माच होता, पण स्वच्छ होता. गाडीचा नंबर, फलाट, उशीर, सगळं नीट सांगून झालं. मग नेहमीचं वाक्य आलं. "लहान मुलांचा हात सोडू नका."

त्यानंतर घोषणा संपायची. पण त्या दिवशी भोंगा बंद झाला नाही. वहिनीने पदर तोंडाशी नेला.

"आणि सुटलाच," आत्या म्हणाली, "तर पुन्हा धरा."

आता मी माळ्यावर नसते. ओट्याखाली घमेल्यात, चुंबळीवर बसलेली असते. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला जमिनीवर ठेवा, नीट बसवा, आणि लहान मुलाला तिच्यापाशी एकटं सोडून उठू नका, खालून कुणाचीही हाक आली तरी. तिच्या हातून चूक झाली असेल, तर तिला सावरा, पण माळ्यावर टाकू नका. खिडकीतून हल्ली यंत्राचा आवाज येतो. तो कधी बसत नाही, खोकत नाही. आत्या ऐकते आणि म्हणते, "चांगलं बोलतं की." मग सहा-दहाची झाली, की ते शेवटचं वाक्य ती स्वयंपाकघरात स्वतःच म्हणून टाकते, आणि खाली दुकानातून भिंगरी ओरडून सांगते, "ऐकलं गं!"