ह्यांचं नाक

वेटरने ट्रे समोर धरला. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बर्फावर आडव्या पडलेल्या माशाचा कल्ला बोटाने उचलून त्यात नाक घातलं. आमच्या होणाऱ्या विहीणबाई पाण्याचा ग्लास ओठांजवळ तसाच धरून बघत राहिल्या. त्यांच्या मुलाने माझ्या मुलीकडे पाहिलं आणि तिने हसू आवरलं. हा कार्यक्रम होणार हे तिने त्याला आधीच सांगून ठेवलं असणार.

"लावा," हे म्हणाले.

लावा म्हणजे तव्यावर टाका. बंदराजवळच्या ह्या हॉटेलात बर्फ जातो तो हे काम करतात त्या कारखान्यातून, त्यामुळे जुन्या मालकांशी ह्यांची घसट होती. आम्ही जेवायला गेलो की मालक स्वतः ट्रे घेऊन यायचे, हे वास घ्यायचे, आणि "लावा" म्हटल्याशिवाय मासा तव्याचं तोंड बघत नसे. शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा मग आपला मासा ह्यांच्याकडे पाठवायची. हे कोणाला नाही म्हणायचे नाहीत. तोवर ह्यांचं जेवण मात्र गार व्हायचं, आणि ते मलाच दिसायचं.

कारखान्यात ह्यांना सगळे 'नाक' म्हणतात. "नाक आले का?", "नाकाला विचार", "नाकांनी सांगितलंय". बर्फ करायचा तर नळांतून अमोनिया फिरवावा लागतो, आणि तो गॅस कुठे गळायला लागला तर सगळ्यांत आधी नाकालाच कळतं. ह्यांना इतरांच्या आधी कळायचं. एकदा कोणालाही कसलाच वास येत नसताना ह्यांनी आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं, आणि माणसं फाटकापाशी पोचेपर्यंत आत नळ फाटला होता. तेव्हापासून मशिनरूम ह्यांच्या ताब्यात आहे. मध्यंतरी नवा इंजिनीअर आला, त्याने गंधकाच्या काड्या मागवल्या. काडी पेटवून नळांवरून फिरवायची, गळती असेल तिथे दाट पांढरा धूर होतो. हे घरी येऊन जेवताना हसत होते. "आता वास डोळ्यांनी घ्यायचा म्हणे! मला काड्या पाठवल्यात, कान कोरायला होतील."

घरीही तेच. दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, पावसाळ्यात कपाटातल्या चादरींना कुबट वास येतोय का, सगळं ह्यांना विचारायचं. आमच्या घरात नाक एकच, बाकीच्यांना ते नुसतं चष्मा टेकवायला दिलेलं आहे, असं मी म्हणायचे आणि हे खूश व्हायचे.

तर विहीणबाईंना घरी न बोलावता इथे आणायचं हे ह्यांनीच ठरवलं. विहीणबाई एकट्या. मुलगा लहान असतानाच व्याही गेले, त्यांनी शिवणकामावर त्याला शिकवलं. फोनवर हे त्यांना म्हणाले होते, "एकदा तिथला मासा खा, परत दुसरीकडे खाणार नाही तुम्ही." आता ते वाक्य आठवलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं.

हॉटेल बदललं होतं, ते दारातच कळलं. जुने मालक आजारी, घरीच असतात. गल्ल्यावर त्यांचा मुलगा. उघड्या खिडक्या जाऊन काचा आल्या होत्या, कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं, आणि गार हवेचं यंत्र नेमकं माझ्या मानेवर. मेनूकार्डाला बोटं चिकटत होती. मुलाने ह्यांना ओळखलं नाही. ह्यांनीच आपली ओळख सांगितली आणि "ट्रे मागव जरा," म्हणाले, तेव्हा त्याने वेटरला खूण केली. मला तेव्हाच अवघडल्यासारखं झालं, पण हे नाक वर करून बसले होते.

आणि ट्रे आला तेव्हा मला काहीतरी वास आला होता. अगदी पुसट. पण ह्यांनी "लावा" म्हटलं, आणि ह्यांनी लावा म्हटल्यावर माझ्या नाकाला काय किंमत! म्हटलं, फरशी पुसली असेल.

मासा आला. वर कोथिंबीर, बाजूला लिंबाच्या फोडी, दिसायला अगदी देखणा. ह्यांनी स्वतः पहिला तुकडा विहीणबाईंना वाढला.

"घ्या. आज सकाळपर्यंत पाण्यात होता हा."

विहीणबाईंनी घास तोंडात घातला. चावायच्या थांबल्या, मग परत चावायला लागल्या. लिंबू पिळलं. थोड्या वेळाने दुसरी फोड पिळली. "छान आहे," म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या. त्यांच्या मुलाने एक घास खाल्ला आणि तुकडा ताटाच्या कडेला भाताखाली सारला. माझ्या मुलीने मला टेबलाखालून पाय मारला.

मी खाल्लं. आणि तो वास थेट टाळूपर्यंत गेला. मासा बिघडलेला होता, थोडाथोडका नाही. हे मात्र काटे बाजूला काढत, बोटं चाटत जेवत होते.

"बघ," मला म्हणाले, "मालक बदलला तरी चव तीच."

मला लाज वाटली. आधी हॉटेलची वाटली, मग ह्यांची. विहीणबाईंसारखी कष्टाने वर आलेली बाई ताटात टाकायचं नाही म्हणून नासका मासा गिळतेय आणि माझा नवरा तिला आग्रह करतोय! वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"आणखी एक तुकडा घ्याच," हे पुढे वाकले.

"काका," मुलगा हळूच म्हणाला, "राग मानू नका. पण मासा बरोबर वाटत नाहीये. आई, तू राहू दे."

"बरोबर नाही म्हणजे?"

"शिळा आहे, काका. वास येतोय."

ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वास? अहो, मी स्वतः बघितलाय. माझी हयात गेली ह्यात! तुम्हा आजकालच्या मुलांना ताज्या माशाचा वास माहीतच नसतो, त्याला काय करणार?"

"बाबा, हळू," मुलगी म्हणाली.

आवाज ऐकून गल्ल्यावरचा मुलगा आणि वेटर दोघंही आले. काय झालं ते मुलीने सांगितलं. मालकाच्या मुलाने ताटाकडे वाकून बघितलं, त्याचा चेहरा बदलला, आणि तो वेटरकडे वळला. वेटर घाबरून म्हणाला, "मी काय करू साहेब? काकांनीच वास घेऊन लावायला सांगितला."

आजूबाजूच्या टेबलांवरून माना वळल्या. हे एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मग ह्यांनी आपलं ताट उचललं, नाकाशी धरलं आणि खोल श्वास घेतला. परत घेतला. ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"तू सांग. येतोय वास?"

आयुष्यात पहिल्यांदा हे मला वास विचारत होते. 'नाही' म्हटलं असतं तर ह्यांची बाजू राहिली असती. मला म्हणायचंही होतं. पण विहीणबाईंच्या ताटात अर्धा तुकडा होता आणि त्यांचा हात त्याच्याकडे जात होता. मी गप्प बसले असते तर त्यांनी तोही संपवला असता.

"येतोय," मी म्हणाले.

"कसला?"

आता कसला म्हणून सांगायचं? मला त्या वासाला दुसरं नावच सुचेना.

"तुमच्या कपड्यांचा," मी म्हणाले.

बाकीच्यांना काही कळलं नाही. ह्यांना कळलं. लग्न झाल्यापासून ह्यांचे कामावरचे कपडे मी धुतेय. अमोनियाचा वास मला कोणी शिकवायला नको, आणि नासक्या माशालाही तोच सुटतो. हे खुर्ची मागे सरकवून उठले.

"हात धुऊन येतो."

मालकाचा मुलगा माफी मागत होता, दुसरं काहीतरी करून देतो म्हणत होता. मी ह्यांच्या मागे गेले. बेसिनपाशी हे साबणाची वडी नाकाला लावून उभे होते. मला आरशात बघून वडी पुढे केली.

"ह्याला आहे?"

"लिंबाचा आहे. उग्र आहे चांगला."

"हं." वडी जागेवर ठेवली. "मला वाटलं सर्दी आहे. हिवाळ्यापासून वाटतंय."

"मग बोलायचं नाही का?"

"कोणाला बोलू? नाकाला सर्दी झाली म्हणून कारखान्यात सांगू?" ते हसले. ते हसणं मला बघवेना. आत्ताच मला ह्या माणसाची लाज वाटली होती, आता त्या लाजेची लाज वाटायला लागली. मघाशी आपण काय विचार करत होतो ते ह्यांना चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी नळ सोडून उगाच हात धुवायला लागले.

आणि हात धुता धुता मला शर्ट आठवले. "अहो," मी म्हटलं, "हल्ली तुमच्या शर्टांना वास जास्त येतो. दोनदा भिजवावे लागतात."

हे हात पुसत होते, ते थांबले. "कधीपासून?"

"झाले काही महिने. मला वाटलं, साबण हलका झालाय."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

ह्याला मी काय उत्तर देणार? बोलले असते तर हेच म्हणाले असते, मला नाही आला तो वास तुला कसा आला.

हे तडक टेबलापाशी गेले. विहीणबाईंसमोर हात जोडले. "चूक माझी आहे, हॉटेलवाल्याची नंतर. तुम्ही पोरांबरोबर घरी व्हा पुढे. मला कारखान्यात जायला हवं, आत्ताच."

विहीणबाईंनी का, कशाला काही विचारलं नाही. पदर सारखा करत उठल्या आणि म्हणाल्या, "जाऊन या सावकाश. घरात साखर-चहा कुठे आहे ते पोरगी दाखवेल मला. मी चहा करून ठेवते."

कारखाना बंदरापासून जवळच. हे भराभर चालत होते. मी ह्यांच्या मागे मशिनरूमच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. सुट्टीचा दिवस असला तरी यंत्रं चालूच असतात. आत दोन कामगार होते. ह्यांना इस्त्रीच्या शर्टात बघून दोघं उठून उभे राहिले.

"काड्या कुठे आहेत?" ह्यांनी विचारलं.

"कसल्या?"

"गंधकाच्या. नव्या इंजिनीअरसाहेबांनी आणलेल्या."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धाकट्याला वाटलं ही थट्टाच चाललीय, तो हसला. हे हसले नाहीत. मग थोरल्याने कपाटातून डबा काढून दिला. सील तसंच होतं.

ह्यांनी काडी पेटवली आणि नळांवरून फिरवायला सुरुवात केली. एकेक सांधा, एकेक झडप. ज्यांच्यासमोर हे इतकी वर्षं नुसतं उभं राहून "ठीक आहे" म्हणायचे, त्यांच्यासमोर आता हात वर करून, डोळे बारीक करून धूर शोधत होते. ह्या दारातून ह्यांची खुर्ची दिसते. खिडकीखाली, टेबलाशेजारी. तिच्या वरून जो नळ जातो, त्याच्या सांध्यापाशी काडी गेली आणि धूर एकदम चुन्यासारखा पांढरा झाला.

ह्यांनी काडी तिथेच धरून ठेवली.

"तुम्हाला येत नव्हता वास?" ह्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

थोरला खाली बघत म्हणाला, "येत होता थोडा. पण तुम्ही तिथंच बसलेले असायचा. म्हटलं, नाक बसलेत म्हणजे नेहमीचाच असेल."

हे त्या सांध्याकडे बघत राहिले. काडी बोटांपर्यंत जळत आली तेव्हा ती पायाखाली विझवली. मग दोघांकडून झडप बंद करून घेतली, साहेबांना फोन लावला आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगितलं. "माझ्या खुर्चीच्या वरच्या सांध्याला गळती आहे. बरेच दिवस असणार. मला वास येत नाही, साहेब. नाही, आजच नाही. येतच नाही." पलीकडून काही बोलणं झालं. हे "हो, हो" म्हणत राहिले.

फोन ठेवून त्यांनी काड्यांचा डबा थोरल्याच्या हातात दिला. "रोज फिरवायची. मी ठीक आहे म्हटलं तरी फिरवायची. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, धुराकडे बघायचं."

"बरं, नाक," थोरला म्हणाला, आणि जीभ चावली.

"असू दे," हे म्हणाले. "हाक तीच मार. नाहीतर मला कळायचं नाही कोणाला बोलावतोयस."

फाटकाबाहेर आल्यावर हे थांबले. रस्त्यावर माणसं होती, पहारेकरी स्टुलावर बसून आमच्याकडेच बघत होता. एरवी चारचौघांत माझ्या शेजारीही न चालणारा हा माणूस. शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून त्यांनी माझ्यापुढे केली.

"बघ जरा. विहीणबाई आहेत घरी."

मी पुढे झाले आणि ह्यांच्या गळ्यापाशी नाक नेलं.

"येतोय," मी म्हणाले.

"बरं," हे म्हणाले. वरचं बटण लावलं, आणि आम्ही दोघं घराकडे निघालो.