डाव्या काठाची फाड

"मधली फाड शिवून टाका," दारात उभ्या मुलाने हातातला काळा झगा पुढे केला. "अशी शिवा की कधी फाटला होता हे कळायलाच नको."

एर्मेलिंदाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मागच्या मे महिन्यातच फाडलीस ना ही?"

"हो."

"मग वर्षभर टिकलं की. माझ्याकडे ऑक्टोबरातच यायला लागतात सगळे. आज मिरवणुकीला झगा नको का?"

"ती पण असणार तिथे. मी झग्याशिवायच जातो."

"उद्या ये न्यायला. आणि पोटभर जेव आधी, उपाशीपोटी दुःख दुप्पट वाटतं."

मुलगा पायऱ्या उतरून गेला. एर्मेलिंदाने झगा शिवणयंत्रावर टाकला. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठातली मुलं हा घोट्यापर्यंतचा झगा पांघरतात आणि शिक्षण संपत आलं की त्याची खालची कड फाडून घेतात. डावीकडे घरचे फाडतात, उजवीकडे मित्र, आणि मधोमध जिच्यावर किंवा ज्याच्यावर जीव जडला असेल ते माणूस. कात्री चालत नाही. दाताने सुरुवात करायची, मग हाताने ओढायचं. झगा धुवायचा नाही आणि फाड शिवायची नाही. प्रेम मोडलं तरच मधली तेवढी काळ्या दोऱ्याने शिवतात. शहरात किती प्रेमं मोडली याचा खरा आकडा पाद्रीबाबांपेक्षा आपल्यालाच ठाऊक, असं एर्मेलिंदा म्हणायची.

बेचाळीस वर्षं ती जुन्या चर्चच्या मागच्या या गल्लीत शिवत होती. नवरा कामासाठी फ्रान्सला गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. वरची खोली ती विद्यार्थ्यांना द्यायची, आणि आतापर्यंत सतरा जण त्या खोलीत राहून गेले होते. मे महिन्यात त्यांचे आईबाप गावाहून यायचे, एर्मेलिंदाच्या हातचं जेवायचे आणि जेवण झालं की तिच्याच घरात पोराच्या झग्याची डावी कड फाडायचे. ती तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडी विसळत राहायची. नंतर झगा तिच्या हातात यायचा. फाड वर सरकत जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला ती एक बारीक टाका घालून द्यायची. सतराच्या सतरा फाडींना तिचा टाका होता, पण फाड एकही तिची नव्हती. कोणी विचारलं नव्हतं आणि तीही कोणाच्या गळ्यात पडणारी बाई नव्हती.

अठरावी नेल्मा. तीन वर्षांपूर्वी केप व्हर्दच्या बेटावरून भूगोल शिकायला आली तेव्हा सप्टेंबरात दोन स्वेटर घालून उंबऱ्यावर उभी होती. पहिल्या आठवड्यात ती रोज एक चर्च, एक दरवाजा, एक पायरी बघून यायची आणि जेवताना सांगायची. "डोना एर्मेलिंदा, त्या ग्रंथालयात वटवाघळं पाळलीत म्हणे, पुस्तकांतले किडे खायला." एर्मेलिंदाने चाळीस वर्षांत त्या ग्रंथालयात पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी एका रविवारी पोरीनेच तिला हाताला धरून नेलं. वटवाघळं काही दिसली नाहीत. एर्मेलिंदा मात्र त्यांची घाण पडू नये म्हणून तिथल्या टेबलांवर रात्री घालायची चामड्याची आच्छादनं बघत राहिली, आणि कुणा चांगल्या कारागिराने कापलीत, शिवण चांगली आहे, एवढंच म्हणाली. त्या दिवसानंतर नेल्मा स्वयंपाकघरातच अभ्यासाला बसू लागली.

यंदा नेल्माची आई येणार होती. तिकीट निघालं होतं. पण आठवड्यापूर्वी तिकडे आजी अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि आईचं येणं राहिलं. एर्मेलिंदाला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी मनाच्या एका कोपऱ्यात जे वाटलं त्याची तिला लाज वाटली. आता कदाचित डावी कड फाडायला आपल्याला विचारतील, असं तिला वाटलं होतं.

दुपारी नेल्मा झगा पांघरून खाली आली. उजवी कड मित्रांनी फाडून फाडून झालर केली होती.

"अगं, हे काय, उंदरांनी खाल्लाय का?"

"वर्गात एकतीस जण आहेत. कोणाकोणाला नाही म्हणू?"

"आणि मधे?"

"मधे कोणी नाही. तुम्हाला शिवायला काम नको म्हणून."

एर्मेलिंदा हसली. मग तिची नजर डावीकडे गेली. कड सरळ होती, दुकानातून आणली तशी.

"ती कड घरी गेल्यावर," नेल्मा म्हणाली. "जुलैत. आई फाडेल."

"बरोबर आहे. ती जागा घरच्यांची," एर्मेलिंदा म्हणाली आणि कोबीचं सूप ढवळायला वळली. सूप ढवळण्याची काही गरज नव्हती. मनातले मांडे मनातच राहिले, आणि तिला ते लागलं.

टेबलावर भाताच्या घट्ट खिरीच्या दोन ताटल्या होत्या. वर दालचिनीच्या पुडीने चिमटीचिमटीने काढलेली नावांची पहिली अक्षरं. एकीवर नेल्माचं, दुसरीवर तिच्या आईचं, बेनविंदाचं.

"आई तर येणार नाही ना," नेल्मा म्हणाली.

"मला ठाऊक आहे. हाताला सवय झालेली. घरचं माणूस यायचं असलं की ताटली मांडायची."

नेल्माने फोन काढला आणि ती ताटली आईला दाखवायला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर डोक्याला फडकं बांधलेली एक रुंद बाई आली. शाळेत स्वयंपाक करणारी बेनविंदा पहिल्या वाक्यापासूनच कढईवरून बोलावं तशी बोलायची.

"डोना एर्मेलिंदा, खीर माझ्या नावाची आणि खाणार ही बया. बघतेय मी सगळं. हं, आता कड दाखव. डावी. अगं, ही कोरीच आहे अजून."

"आई, ठरलंय ना आपलं. जुलैत तू फाडशील."

"मी फाडेनच. माझे दात काही जुलैपर्यंत पडत नाहीत. पण आज मिरवणुकीत कोरी कड घेऊन जाणार? पोरीला घरचं कोणी नाही असं लोक म्हणतील. तीन वर्षं तुला ताप आला की सूप कोणी पाजलं? परीक्षेच्या दिवशी उठवलं कोणी? डोना एर्मेलिंदाला विचारलंस तरी का?"

नेल्माने कोरी कड बोटांनी चाचपली. मग हळूच म्हणाली, "कशी विचारणार? त्यांनी मला त्या वकिली शिकणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली होती."

एर्मेलिंदाच्या हातातली पळी थांबली. डोंगराकडच्या खेड्यातून ती एकोणिसाव्या वर्षी या शहरात आली तेव्हाची गोष्ट. शिंप्याच्या दुकानात पहिलाच महिना. एका मुलाने मधली फाड शिवायला झगा दिला होता. तिला इथली रीत ठाऊक नव्हती. फाटलेलं दिसलं ते तिने सगळं शिवलं, डावं, उजवं, मधलं, अगदी नव्यासारखं. मुलगा झगा हातात घेऊन नुसता उभा राहिला. डावी फाड त्याच्या वडिलांची होती आणि वडील त्याच हिवाळ्यात गेले होते. मालकाने टाके उसवून दिले, पण सुईची भोकं राहिलीच. मुलगा रागावला नाही, हेच तिला जन्मभर सलत राहिलं.

"मला वाटलं, डावी कड फाडायला तुम्ही कधीच तयार होणार नाही," नेल्मा म्हणाली. "म्हणून गप्प बसले. रोज विचारीन म्हणायचे."

"आणि मी रोज वाट बघत होते," एर्मेलिंदा म्हणाली. बोलून गेल्यावर तिचे कान तापले.

"झालं तर मग," पलीकडून बेनविंदा म्हणाली. "दोघी सारख्याच मुक्या. फाडा आता, मला आजीला उठवायचंय."

एर्मेलिंदाने पदर नसलेल्या बायका ॲप्रनचा करतात तो उपयोग केला. तोंड फिरवून, ॲप्रनआड वरची कवळी काढली आणि बशीत ठेवली. धागे तोडून तोडून पुढचे दात केव्हाच गेले होते.

"देवाच्या कृपेने डावीकडे दोन उरलेत, वर एक, खाली एक," ती बोबडं म्हणाली. "हसायचं नाही."

नेल्मा हसली, आणि फोनमधली आईही. एर्मेलिंदाने कड उचलली. दाट लोकर, पक्की विणलेली. बेचाळीस वर्षं अशा कापडाला जपण्यात गेली होती, आणि ते दातांत धरताना तिच्या अंगावर काटा आला. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा शिवण तुटली. मग तिने दोन्ही हातांनी धरून ओढलं आणि कापड उभ्या धाग्यावर सरळ फाटत गेलं, चार बोटं. तिथे ती थांबली.

"एवढीशीच?" बेनविंदा म्हणाली.

"तुमची जागा ठेवलीय बाजूला. मोठी ठेवलीय."

 फडक्याच्या टोकाने बेनविंदाने नाक पुसलं आणि फोन ठेवला.

खालून बँड ऐकू यायला लागला. नेल्माने खीर दोन घासांत संपवली, आईची ताटली एर्मेलिंदापुढे सरकवली आणि झगा खांद्यावर ओढला. मग थबकली.

"टोकाला टाका घालून देता ना? सगळ्यांना घालता तसा?"

एर्मेलिंदाचा हात सवयीने छातीवर खोचलेल्या सुईकडे गेला. दोरा काळाच होता, ओवलेला. तिने सुई काढली, क्षणभर धरली आणि परत खोचली.

"हिला नको."

"पण मग वर जात राहील ती."

"जाऊ दे."

 नेल्माने वाकून तिच्या दोन्ही गालांची पापी घेतली, दात उरलेल्या बाजूची जरा जास्त वेळ, आणि पायऱ्या उतरली. एर्मेलिंदा खिडकीत उभी राहिली. कागदी फुलांच्या गाड्यांमागे शेकडो काळे झगे चालले होते. वळणापर्यंत तिने एकच ओळखला, डावीकडे थोडा उघडणारा.

मग तिने कवळी बसवली, बेनविंदाची खीर सावकाश खाल्ली, अगदी दालचिनीच्या अक्षरासकट, आणि सकाळच्या मुलाचा झगा मांडीवर ओढून मधली फाड शिवायला घेतली. तेवढीच.