गिरणीतली अणुभट्टी

गोंडपिपरीजवळच्या बंद धानगिरणीत मुंबईवाल्यांनी सिनेमासाठी अणुभट्टी उभारली. गोष्ट एका खऱ्या अपघाताची होती. त्यातून वाचलेला मुखरू तिथलाच, म्हणून दिग्दर्शकानं त्याला बोलावून घेतलं.

"काईच आवाज झाला नाई," मुखरूनं सांगितलं. "पाइप फुटला, पाणी उडालं. आमी साबणानं आंग धुतलं. बाराव्या दिवशी माह्या जोडीदाराच्या, कोलूच्या तोंडातून रक्त आलं. मंग केस गेले. महिन्याभरात मेला."

"हे पडद्यावर दिसत नाही, मुखरूभाऊ. लोकांना आग दाखवावी लागते," दिग्दर्शक म्हणाला.

शूटिंगला दीडशे गावकरी आले. त्यात मुखरूची मुलगी सरिताही होती. कामगार आत अडकलेत असं दाखवायचं म्हणून फाटकाला खरंच कुलूप घातलं.

आगीच्या दृश्यासाठी ठेवलेल्या तेलाच्या पिंपांचा स्फोट ठरल्यापेक्षा मोठा झाला. मागची भिंत कोसळली, पेटतं छप्पर माणसांवर आलं. सगळे फाटकाकडे धावले. पुढचे गजांवर चिरडले, मागचे त्यांच्या अंगावर चढले. गावातल्या बिरजूच्या पाठीवर सदरा जळत होता आणि तो विझवायला कोणाचाही हात मोकळा नव्हता. सरिता पडली. तिच्या हातावरून पायच पाय गेले.

"कुलूप काढा!" बाहेरून मुखरू ओरडला.

"कॅमेरा चालू ठेवा!" दिग्दर्शक ओरडला. त्याला तो अभिनयच वाटत होता.

चौकीदार चावी देईना. "साहेबानं 'कट' म्हटल्याबिगर नाई."

मुखरूनं लोखंडी सळई त्याच्या तोंडावर हाणली. दात मातीत पडले. मग घाव कुलपावर. चौथ्या घावाला कडी तुटली, माणसं बाहेर सांडली. बिरजू आणि म्हातारी बुधरीबाई उठलेच नाहीत.

सरिताला ओढून काढून तो सळई घेऊन कॅमेऱ्याकडे धावला. कॅमेरावाला पळाला.

"बाबा, फोडू नोका!" सरिता पडल्या जागेवरून ओरडली. "त्याच्यात कुलूप दिसते!"

सळई वरच थांबली. त्यानं कॅमेरा स्टँडवरून उपसला. दिग्दर्शकानं त्याची कॉलर धरली, तेव्हा मुखरूनं कपाळानं त्याचं नाक फोडलं.

जखमींना दवाखान्यात पोचवून तो कॅमेरा छातीशी धरून ठाण्यात गेला.

"चौकीदाराले अन् डायरेक्टरले मीच हाणलं, लिवा," तो हवालदाराला म्हणाला. "पन पह्यले हे पाहा."

हवालदारानं कॅमेऱ्यातलं चित्रीकरण दोनदा पाहिलं. मुखरूला कोठडीत टाकलं, आणि संध्याकाळी नाकाला पट्टी बांधलेल्या दिग्दर्शकालाही आणलं.

सरिताचा हात वाचला. बोटं मात्र अजून मिटत नाहीत.