राखाड्याचं भाषण

तेबांदेकेनं माइक तोंडापासून जरा लांब धरला आणि तिसऱ्या बाकावरच्या माणसाकडे पुन्हा एकदा पाहिलं. माणूस अनोळखी होता. पॉलिश केलेले बूट, इस्त्रीचा सदरा आणि छातीशी उभा धरलेला फोन. रविवारी दुपारी चारच्या खेळाला या हॉलमध्ये इस्त्री करून कोणी येत नाही. पडद्यावर किबूका ढगातून खाली झेपावत होता, पन्नासएक माणसं माना वर करून बघत होती, आणि हा एकटा फोनकडे बघत होता.

"किबूका आला," तेबांदेके माइकमध्ये म्हणाला. "आता ज्यानं त्यानं आपापलं कोंबडं काखोटीला मारावं आणि पळावं."

लोक हसले. तो माणूस हसला नाही.

किबूका हे नाव तेबांदेकेनंच ठेवलेलं. पोस्टरवर इंग्रजीत भलतंच काही होतं. पण ढगात दडून लढणारा म्हटल्यावर बुगांडातल्या माणसाला आपल्या जुन्या देवाखेरीज दुसरं कोण आठवणार? पहिल्या भागापासून तेच नाव रुळलं. इंग्रजी चित्रपट लावायचा, आवाजाचं बटण डाव्या हाताखाली ठेवायचं आणि पडद्यावरचा माणूस जे बोलेल ते आपल्या लुगांडा भाषेत, वर आपलं तिखटमीठ लावून सांगायचं, हा त्याचा धंदा. कंपालातले बाकीचे आता घरी बसून आवाज भरतात आणि विकतात. हा अजून लोकांसमोर बसून बोलायचा, आणि लोक चित्रपटापेक्षा आपल्यासाठी येतात अशी त्याची समजूत होती. ती अगदीच खोटी नव्हती.

या दुसऱ्या भागात एक खलनायक होता. सुरुवातीलाच किबूकानं राक्षसाला लोळवताना नदीकाठची एक वस्ती चिरडली होती. हा त्या वस्तीतला माणूस, तोंडाला राख फासून सूड घ्यायला निघालेला. लोक त्याला राखाड्या म्हणत. मधेच एका ठिकाणी तो पडलेल्या घरांसमोर उभा राहतो, संगीत वाजतं, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, आणि एवढ्या थाटानंतर बिचारा म्हणतो काय, तर "मी तुला धुळीला मिळवीन." लिहिणाऱ्याला जेवायची घाई झाली असावी.

गुरुवारच्या पहिल्या खेळाला ती रिकामी जागा बघून तेबांदेकेची जीभ वळवळली. त्यानं बटण खाली केलं आणि राखाड्याला बोलायला लावलं:

"साहेब, तुमच्या नकाशावर इथं काहीच नाही. अकरा वर्षं मी त्या काहीच नाहीमध्ये चूल पेटवली. ही जागा मोकळी नव्हती. इथं मी होतो."

वाक्यं त्याची नव्हती. गेल्या महिन्यात नाल्याकाठची मासळीवाल्यांच्या टपऱ्यांची रांग यंत्रानं पाडली, तेव्हा त्यांतली नाकियिंगी हे पाडायला आलेल्या साहेबाला म्हणाली होती. तळणीची कढई कडेवर घेऊन, आवाज न चढवता. वस्तीचे चेअरमन साहेबाशेजारी छत्री धरून, यादीत डोकं घालून उभे होते. तेबांदेके हॉलच्या दारात खिशात हात घालून उभा होता. त्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही, आणि ते त्याला रोज खात होतं. म्हणून निदान माइकवर तरी बोलावं असं त्याला वाटलं. आपण धाडस केलं असंही वाटलं.

शुक्रवारी लोक भिंतीला टेकून उभे राहिले. शनिवारी बातमी आली, की टेकडीपलीकडच्या दोन हॉलांना कुलूप लागलं. तिथले बोलणारे म्हणे चित्रपटात नसलेलं बोलत होते. तेबांदेकेच्या हॉलचं परवानगीचं पत्र याच महिन्यात संपत होतं, आणि नव्या पत्रावर शिक्का मारायचा तो चेअरमननीच. घरात जुळी पोरं, आणि हातात या बोलण्याखेरीज दुसरी कला नाही. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती. आणि आज हे पॉलिश केलेले बूट.

पडद्यावर राखाड्या पडलेल्या घरांसमोर येऊन उभा राहिला. संगीत सुरू झालं. भिंतीला टेकलेले लोक सरसावून पुढे झाले. तिसऱ्या बाकावरचा फोन आणखी वर आला.

तेबांदेकेनं माइक तोंडाशी नेला.

"मी तुला धुळीला मिळवीन," तो म्हणाला.

मग नुसतं संगीत वाजत राहिलं.

"एवढंच?" मागून भाड्याची मोटरसायकल चालवणारा बोडावाला वालुसिंबी म्हणाला. त्याच क्षणी वीज गेली.

तेबांदेके सुटल्यासारखा पडद्यामागे जनरेटरकडे गेला. दोरी ओढली, यंत्र खोकलं आणि गप्प झालं. अंधारात पडद्यापुढचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"काल केवढं बोलला होता," वालुसिंबी म्हणत होता. "अंगावर काटा आला माझ्या. आज काय त्याच्या घशात काटा अडकला?"

"इंग्रजीत तो एवढंच म्हणतो," लुबोवा मास्तर म्हणाले. ते पलीकडच्या शाळेत शिकवत, आणि हॉलमध्ये इंग्रजी धडपणे कळणारे तेवढे एकच होते.

"मग इंग्रजीच चुकलं असेल, मास्तर."

"चुकलंय तर खरंच. पहिल्या भागात हाच किबूका शाळेची बस जाईपर्यंत अख्खा पूल खांद्यावर धरून उभा राहतो. आणि या भागात त्याला खाली वस्ती आहे हेसुद्धा दिसत नाही? मधल्या काळात डोळे गेले का त्याचे?"

"मधल्या काळात त्याला राष्ट्राध्यक्षांनी ऑफिस दिलं ना. वरच्या मजल्यावर बसलं की खालचं दिसत नाही, मास्तर. कोणालाच दिसत नाही."

हशा पिकला. तेबांदेकेनं दोरी दोनदा ओढली. यंत्राला आज काय झालं होतं कोण जाणे.

"आणि ऐकलंत का," वालुसिंबीला आता जोर चढला होता, "काचेच्या इमारती पडतात तेव्हा रडकं संगीत. पत्र्याची घरं पडतात तेव्हा ढोल. म्हणजे आमचं घर पडलं की लग्नाची वरात."

"तुझा राखाड्या तरी कुठला साधू लागून गेला? हॉस्पिटल जाळलं त्यानं," कोणीतरी बाई म्हणाली.

"त्यानं नाही जाळलं," मास्तर म्हणाले. "लिहिणाऱ्यानं जाळायला लावलं. राखाड्याचं म्हणणं खरं आहे, लोक त्याच्या बाजूनं जाणार, हे त्याला कळून चुकलं. मग काय करायचं? द्या त्याच्या हातात काडीपेटी. म्हणजे शेवटी त्याला मारला, की टाळ्या वाजवायला आपण मोकळे."

"मी काल नाही वाजवल्या," वालुसिंबी म्हणाला. बाक करकरलं, तो उभा राहिला असावा. "साहेब, तुमच्या नकाशावर इथं काहीच नाही..."

सगळं म्हटलं त्यानं. एक शब्द गाळला नाही. शेवटच्या वाक्याला दहा-बाराजण त्याच्याबरोबर होते.

तेबांदेकेनं पडद्याच्या कडेनं पाहिलं. पुढच्या अंधारात एकच उजेड होता, तिसऱ्या बाकावरच्या फोनचा. त्याची पाचावर धारण बसली.

"ए वालुसिंबी, खाली बस," तो ओरडला. "ते काल माझं ऐकण्यात चुकलं होतं. तसं काही नाहीये त्यात. कोणी बोललेलं नाही ते."

बाक पुन्हा करकरलं. शेवटच्या बाकावर, दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात, नाकियिंगी पायाशी पाटी ठेवून बसली होती. रांग पाडल्यापासून ती टॅक्सीच्या थांब्यावर उभ्यानं मासे विकायची. तेबांदेकेनं तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि दोरी ओढली. आता मात्र यंत्र एका दमात सुरू झालं.

राहिलेला चित्रपट त्यानं शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसा संपवला. लोक कुरकुरत बाहेर पडले. पॉलिशवाला माणूस सरळ त्याच्याकडेच आला.

"सेबो, दादा, तुमच्याकडे नेटवर्क फारच वाईट आहे हो," तो म्हणाला. "किती वर धरला तरी मिळत नाही."

"काय?"

"समोरच्या दवाखान्यात बायको आहे माझी. सकाळी चर्चमधून तशीच आणली. नर्स म्हणाली, इथं येरझाऱ्या घालू नका, कुठंतरी जाऊन बसा, मी फोन करते. दोन तास झाले." त्यानं पडद्याकडे पाहिलं. "चित्रपट चांगला होता का? माझं लक्षच नव्हतं."

फोन वाजला. माणसानं तो दोन्ही हातांनी कानाला लावला आणि निरोप न घेता दवाखान्याकडे पळत सुटला.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तेबांदेकेला हसू आलं आणि ते थांबेना, शेवटी बाकाला धरून बसावं लागलं. मग नाकियिंगी अजून जागच्या जागी बसलेली दिसली आणि हसू विरलं. त्याला स्वतःची लाज वाटली. तिच्या जागी तो असता, तर उठून थुंकला असता.

"न्याबो, बाई, माफ करा," तो जवळ जाऊन म्हणाला. "भ्यालो मी. उद्यापासून परत सगळं म्हणेन. आज सातला चेअरमन येणार आहेत पाहुण्यांना घेऊन, पुढे खुर्च्या ठेवायचा निरोप आलाय. आजचा दिवस तेवढा जाऊ द्या."

"नका म्हणू," नाकियिंगी म्हणाली.

"रागावलात ना?"

"नाही, सालोंगो." जुळ्यांचा बाप म्हणून सगळे त्याला असंच म्हणत. "आज पहिल्यांदा मी चित्रपट निवांत पाहिला. गुरुवारपासून रोज येतेय. रोज तो माणूस माझं बोलतो आणि अर्ध्या तासात मरतो. मरतो तेव्हा पुढची पोरं टाळ्या वाजवतात. वालुसिंबी नसेल वाजवत, पण पोरं वाजवतात."

"मी तुमचीच बाजू मांडत होतो."

"ते कळलं मला. पण दवाखाना जाळणाऱ्याच्या तोंडून मांडलीत. मी कोणाचं काय जाळलंय?"

तीन दिवस हिच्यासाठी आपण जीव धोक्यात घातला, असं तेबांदेके मनात घोकत होता; आणि एकदाही हिला विचारावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

"मग कोणाच्या तोंडी घालू?"

ती उठली. चुंबळ नीट बसवून तिनं पाटी डोक्यावर घेतली.

"तो उडणारा मरत नाही ना? मास्तर म्हणत होते, त्याचा तिसरा भागसुद्धा यायचाय."

सातच्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती. चेअरमन पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, शेजारी दोन पाहुणे. कोणीतरी त्यांना शेंगदाण्याच्या पुड्या आणून दिल्या. तेबांदेके आज नेहमीपेक्षा जास्त विनोद करत होता आणि ते त्याचं त्यालाच कळत होतं. राखाड्या आपलं मूळचं एक वाक्य बोलला. वालुसिंबीनं जोरात उसासा टाकला. राखाड्यानं हॉस्पिटल जाळलं, मार खाल्ला, मेला; पोरांनी टाळ्या वाजवल्या, चेअरमननीही दोन वाजवल्या.

मग शेवटचा प्रसंग आला. मोठं पटांगण, झेंडे, राष्ट्राध्यक्ष किबूकाच्या छातीवर पदक लावतात आणि किबूका म्हणतो, "आभारी आहे. मी माझं काम केलं." तीन-चार सेकंदांचं वाक्य. त्यावर बँड वाजतो आणि नावं सुरू होतात. इतके दिवस तेबांदेकेनं ते तसंच सांगितलं होतं, कारण तोवर लोक चपला शोधायला लागलेले असत.

त्याचा डावा हात बटणावर होता. पत्र, शिक्का, जुळ्यांची शाळा, टेकडीपलीकडची दोन कुलपं, सगळं त्याला एकदम आठवलं. किबूकानं मान वर केली. तेबांदेकेनं बटण पार खाली नेलं. बँड ऐकूच आला नाही आणि चपला शोधणारे हात थांबले.

"किबूका म्हणतो," तेबांदेके म्हणाला. आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही. "साहेब, हे पदक राहू द्या. तुमच्या नकाशावर इथं काहीच नाही. अकरा वर्षं कोणीतरी त्या काहीच नाहीमध्ये चूल पेटवली. ही जागा मोकळी नव्हती. मी वरून पाहिलं, आणि तरी पाडली."

नावं वर सरकत गेली. कोणी उठलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. चेअरमननी मांडीवरची पुडी सावकाश मिटली.

"सालोंगो," ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "इंग्रजीत असंच आहे का हे?"

तेबांदेकेनं तोंड उघडलं, पण माइक हातात असूनही त्यातून काही बाहेर पडेना. लुबोवा मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"असंच आहे," मागून आवाज आला. नाकियिंगी उभी होती. तिला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं, हे हॉलमधल्या पोराटोरांनाही माहीत होतं. "मी पहिल्या दिवसापासून ऐकतेय. असंच आहे."

चेअरमननी खुर्ची फिरवली. त्यांच्या हातात आज छत्री नव्हती, यादी नव्हती. ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि तिनं मान खाली घातली नाही.