अळणी डबा

“आणि त्याचा तो डबा! एकदा चाखला की माणूस पुन्हा त्याच्या वाटेला जायचा नाही,” फोरमन म्हणाला आणि शोकसभेत चक्क हशा पिकला. मागून कुणीतरी “आपला अळणी,” असं पुटपुटलं, तसे आणखी चारजण हसले.

दुसऱ्या रांगेतल्या क्रेनवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेथ मशीनवरचा टर्नर जाऊन अजून आठ दिवस झाले नव्हते. रस्ता ओलांडताना ट्रकने उडवलेला माणूस, समोर त्याची बायको बसलेली, आणि ह्यांना त्याच्या भाजीतलं मीठ आठवतंय!

ही थट्टा आजची नव्हती. नऊ वर्षं ती जेवणाच्या सुट्टीत रोज चालायची. टर्नर सकाळी लवकर उठून स्वतः रांधायचा. भात, दुधीची नाहीतर कोबीची भाजी, वर लिंबाची फोड. लसूण असा खरपूस परतायचा की झाकण उघडताच भूक लागावी. मीठ मात्र नावालाही नसायचं. कुणी नाक मुरडलं की म्हणायचा, “अरे, विसरतोच बघ मी.” नऊ वर्षं रोज मीठ विसरतो का कुणी? पण तेवढा विचार करायला ह्या शहाण्यांना सवड कुठली!

क्रेनवाल्याला खरं ठाऊक होतं, कारण रक्तदाबाचा त्रास त्याला स्वतःलाच होता. डॉक्टरांनी मीठ बंद केलं तेव्हा त्याच्या घरी रांधणारं कुणी उरलं नव्हतं. कारखान्यात कळलं असतं तर त्याला क्रेनवरून उतरवून गोदामात झाडू धरायला लावलं असतं. त्याने फक्त टर्नरला सांगितलं, तेही कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. दुसऱ्या दिवसापासून टर्नर मोठा डबा आणू लागला. दोघांचं जेवण वेगळं दिसलं तर लोक विचारतील, म्हणून स्वतःही तेच खाऊ लागला. दर वैद्यकीय तपासणीत क्रेनवाला पास होत गेला आणि टिंगल टर्नरची होत राहिली. क्रेनवाला शेजारी बसून मुकाट जेवायचा. आज त्याला ह्या सगळ्यांचा संताप आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तो उठला. “साहेब, तो मीठ विसरत नव्हता.”

“बसा हो, गमतीनं बोलतोय आम्ही.”

“गंमत कसली? प्रेशर मला आहे. माझ्यासाठी नऊ वर्षं अळणी खाल्लं त्यानं, वर तुमचं ऐकून घेतलं. मी शेजारी बसून गप्प राहिलो, त्याची लाज वाटते मला.”

फोरमनचं हसू मावळलं. “म्हणजे प्रेशर असताना तुम्ही क्रेन चालवत होता?”

“हो.”

“उद्यापासून वर चढायचं नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊन या.”

“नाही चढत. पण त्याला पुन्हा अळणी म्हणायचं नाही कुणी.”

टर्नरच्या बायकोने मागे वळून पाहिलं. “मला तर म्हणाले होते, प्रेशर त्यांनाच आहे. बाहेर कुठे जेवायला गेलो तरी मी त्यांना पापडाचा तुकडा खाऊ दिला नाही.”

“ठणठणीत होता तो, वहिनी.”

 

सभा कशीबशी आटोपली. चहा आला, वेफर्सच्या कागदी बशा फिरल्या. एक क्रेनवाल्याच्याही हातात आली. टर्नरची बायको जागेवरून उठली, त्याच्यापाशी आली आणि ती बशी त्याच्या हातातून काढून घेतली.

“हे तुम्हाला नाही चालायचं, भाऊजी,” ती म्हणाली आणि बशी फोरमनच्या टेबलावर नेऊन ठेवली.