जोडीचं बदक

माझ्या उजव्या मनगटावर एक बदक आहे. अंगठ्याच्या नखाएवढं, चोच किंचित उघडी, शेपूट वर. त्याने आजवर कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. पण त्याच्यावरून लोकांना माझ्याबद्दल जे जे कळतं, ते ऐकून मीच चाट पडते.

स्टेशनरीवाल्या काकांकडून मी पहिल्या खोडरबरापासून सगळं घेत आले. आता मी दुकानात शिरले की ते आधी गल्ल्याचा खण ढकलून बंद करतात आणि मग विचारतात, काय हवं. शेजारच्या काकूंनी बोटाने घासून पाहिलं, निघत नाही म्हटल्यावर आपल्या लेकीला घरात हाक मारली, जसा काही मला गोवर झालाय. रसायनशास्त्राच्या बाईंनी मला बाजूला घेऊन अगदी प्रेमाने विचारलं, सिगारेट कधीपासून ओढतेस? लोक सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. आमच्याकडे बदकावरून नरक गाठतात.

या प्रत्येक वेळी आई शेजारी असली तरी तिच्याकडे कोणी बघायचं नाही. बघतील कशाला? आई शाळेत उपमुख्याध्यापिका. कडक इस्त्रीचे कपडे, घट्ट बांधलेले केस, डाव्या मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ. आणि त्या पट्ट्याखाली दुसरं बदक.

हो, दुसरं. माझ्याच बदकाचा जोडीदार.

मी जेमतेम सोळाची होते तेव्हा. बाबा वेगळे राहायला गेले होते आणि घरात आम्ही दोघीच एकमेकींना धरून होतो. आई मला लहानपणापासून बदक म्हणते, कारण मला आंघोळीच्या टबातून बाहेर काढणं म्हणजे युद्ध असायचं. टॅटू काढते म्हणून मी हट्ट धरला तेव्हा ती आधी चिडली, मग हसली, आणि एका दुपारी म्हणाली, चल. टॅटूवाली म्हणाली, अठराच्या आतली मुलगी असेल तर घरचं मोठं माणूस इथे बसलेलं लागतं. आई बसली. सुई लागल्यावर मी ओठ चावला, तर आईने आपला डावा हात पुढे केला आणि त्या बाईला म्हणाली, “हिचं झालं की माझ्यावर काढा. हिच्याकडे तोंड करून.” आम्ही शेजारी उभं राहून मनगटं जुळवली की बदकं एकमेकांकडे बघायची. एक पाण्यातलं, एक काठावरचं, असं आई म्हणायची, कारण ती पाण्याला जाम घाबरते.

दुसऱ्याच दिवशी तिने ते रुंद पट्ट्याचं घड्याळ आणलं. “शाळेत उगाच प्रश्न नकोत गं,” म्हणाली. मला तेव्हा गंमत वाटली. आपल्या दोघींचं गुपित, असं वाटलं. माझं बदक शिव्या खायचं आणि तिचं झाकून सुखात असायचं, तरी मी कधी तक्रार केली नाही. मनगटं जुळवणं मात्र हळूहळू बंद झालं. पट्ट्याने पुरळ येतं म्हणून ती मलम लावायची आणि झोपतानाही घड्याळ काढायची नाही. मी म्हटलं, असेल.

आता तलावाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथलीच आहे.

मला पोहणं शिकवायचं होतं. दुसरं काही नाही. आमच्या पोहण्याच्या तलावावर सर लहान मुलांचा वर्ग घेतात. गळ्यात शिट्टी, पायात झिजलेल्या चपला, आणि ओरडण्याची गरजच पडत नाही असा आवाज. त्यांनी मला मदतीला घेतलं होतं. सुट्टी संपेपर्यंत नीट काम केलं तर मला पक्कं घेणार होते आणि पुढे प्रशिक्षकाच्या परीक्षेला स्वतः बसवणार होते. मी शाळेत कधी कशात पहिली आलेली नाही. पण पाण्यात उभं राहून घाबरलेल्या मुलाच्या पाठीखाली हात धरला की मला कळायचं, हे आपलं काम.

वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला चिंगी म्हणायचे. ती पहिल्या पायरीच्या खाली उतरायलाच तयार नव्हती. सरांनी समजावलं, मी समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग एकदा तिने माझं मनगट पाहिलं आणि विचारलं, “याला पोहता येतं?”

“बदकाला नाही येणार तर कोणाला येणार?”

“दाखव.”

मी मनगट पाण्यात बुडवलं, वर काढलं. ती हसली. मग ठरलंच आमचं. आधी बदक डुबकी मारणार, मागोमाग चिंगी. आधी हनुवटी, मग नाक, मग डोळे मिटून आख्खं डोकं. सुट्टी संपायच्या आत ती काठाची दांडी सोडून माझ्यापर्यंत हात मारत यायला लागली. काठावर बसलेली तिची आई टाळ्या वाजवायची. त्या टाळ्या मी घरी येऊन आईला वाजवून दाखवल्या होत्या.

पण मुलं ती मुलंच. चिंगीने घरी न पुसल्या जाणाऱ्या शाईचं पेन घेतलं आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बदकं काढली. दुसऱ्या दिवशी तिची आई टाळ्या वाजवायला नाही, तक्रार करायला आली.

मी अजून अठराची नव्हते, म्हणून सरांनी आईला बोलावून घेतलं. तिकीट खिडकीमागच्या छोट्या ऑफिसात आम्ही बसलो. पाण्यात टाकायच्या पावडरीचा वास, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, भिंतीला टांगलेली हवेची टायरं. खुर्च्या कमी म्हणून मी उभीच होते. तलावाचे सेक्रेटरी टेबलापलीकडे होते. हेच सेक्रेटरी आईच्या शाळेच्या समितीवरही आहेत, आणि त्याच महिन्यात समिती नवीन मुख्याध्यापिका ठरवणार होती. आईने त्यांना बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

“मुलगी गुणी आहे, नाही म्हणत नाही मी,” चिंगीची आई म्हणाली. “पण आज पेनने काढलं, उद्या सुईने काढेल. मुलं बघून शिकतात हो.”

“या वयात हे असलं अंगावर काढणारी मुलं कशी असतात, माहितीये आपल्याला,” सेक्रेटरी म्हणाले. कशी असतात ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या हाताकडे बघून तोंड तेवढं वाकडं केलं.

सर बराच वेळ शिट्टीच्या दोरीशी खेळत होते. मग म्हणाले, “बदकाचं काही नाही हो. लांब बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस मिळतो, तो घालेल. मला एकच सांगा.” ते आईकडे वळले. “तुम्हाला विचारून केलं होतं ना हिने? तुम्हाला माहीत असेल तर हा तुमच्या घरातला प्रश्न. मी हिला ठेवतो. कोणाला काय सांगायचं ते मी सांगेन.”

इतकं सोपं होतं. एक ‘हो’. घड्याळ काढायचीसुद्धा गरज नव्हती. मी तर मनातल्या मनात सरांना थँक्यू म्हणूनही टाकलं.

आईने घड्याळाचा पट्टा एका बोटाने सारखा केला. “नाही,” ती म्हणाली. “मला न सांगताच केलं तिने. मला कळलं तेव्हा होऊन गेलं होतं.”

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“पण हे लोक मोठं माणूस सोबत असल्याशिवाय करत नाहीत म्हणे,” चिंगीची आई म्हणाली. “मग हिच्याबरोबर कोण होतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई सोडून सगळे. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. तिचा हात दगडाखाली आहे हे मला दिसत होतं. एकटीने घर चालवणारी बाई, इतकी वर्षं राबून एक खुर्ची समोर आलेली, आणि ती खुर्ची देणारा माणूस समोर बसलेला. मी एक शब्द बोलले असते तर तिला पट्टा काढावा लागला असता. या खोलीत दोन बदकं आहेत, मी मनाशी म्हटलं, एकाने तरी वाचावं.

“मैत्रिणीची ताई आली होती,” मी म्हणाले. “आईला माहीत नव्हतं.”

सरांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. “बाळा, नुसतं बदक असतं तर चाललं असतं,” ते म्हणाले. “पण लोक आपली पोरं माझ्याकडे पाण्यात सोडतात ती विश्वासावर. स्वतःच्या आईला फसवलेल्या मुलीच्या हातात मी ती कशी देऊ?”

सेक्रेटरींनी आईला म्हटलं, “तुमचा काय दोष. तुम्ही बिचाऱ्या दिवसभर दुसऱ्यांची मुलं घडवता.” आईने मान खाली घातली. बाहेर चिंगी पायरीवर बसून माझी वाट बघत होती. मी दुसऱ्या दाराने गेले.

स्कूटरवर मी मागे बसले आणि आईला धरलं नाही. सिग्नलला तीच बोलली.

“मला कळतंय तुला काय वाटतंय.”

“मग का बोललीस?”

“माझी निवड एवढी होऊ दे. एवढंच कर माझ्यासाठी. मग मी स्वतः सरांकडे जाते, घड्याळ काढून हात दाखवते, सगळं खरं सांगते. शप्पथ.”

“नक्की?”

“तुझी शप्पथ, बदका.”

ती मला बदका म्हणाली आणि मी विरघळले. रडू आलं, तिच्या पाठीला डोकं टेकलं. सर ऐकतील, असं मला वाटलं. हात दाखवल्यावर कसे नाही ऐकणार? त्या आशेवर मी पुढचे दिवस काढले. रस्त्यात चिंगी दिसली तर मी गल्ली बदलायची. सर दिसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं, तेही गिळलं. काकूंनी शेजारीपाजारी सांगितलं की पोरीने चोरून गोंदवून घेतलं, आईला पत्ताच नाही, गरीब बिचारी. आईनेही ते ऐकलं असणार.

आई मुख्याध्यापिका झाली. रविवारी तिच्या शाळेतल्या सगळ्या बाई आमच्याकडे आल्या, सेक्रेटरीही आले. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, मी केक कापून दिला, सरबत फिरवलं. आईने सांगितलं होतं म्हणून उकाड्यातही लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. मला त्याचं काही नव्हतं. सोमवारी आई सरांकडे जाणार होती. मी तिला सकाळीच आठवण करून दिली होती आणि ती “हो गं” म्हणाली होती.

गाण्याच्या बाईंनी एक छोटी डबी पुढे केली. “आमच्या सगळ्यांकडून. तुमचं ते पोलिसी घड्याळ बघून आम्ही कंटाळलो. मुख्याध्यापिकेला शोभेल असं नाजूक आणलंय.”

सोनेरी साखळीचं घड्याळ होतं ते. दोऱ्याएवढी साखळी.

“आत्ताच घाला. आमच्यासमोर घाला,” सगळ्या म्हणाल्या, आणि गाण्याच्या बाईंनी आईचा डावा हात धरलासुद्धा.

माझ्या हातातला ट्रे मी कुठे ठेवला ते मला आठवत नाही. मी दोन खुर्च्यांमधून घुसले आणि आईच्या मनगटावर माझा पंजा दाबून धरला. “मी घालते,” म्हटलं, “आत जाऊन घालते तिला, इथे नीट दिसत नाहीये.” त्या धडपडीत माझी बाही कोपरापर्यंत वर गेली. माझं बदक सगळ्यांच्या नाकासमोर आलं. मला पर्वा नव्हती. तिचं दिसू नये, बस.

आईने माझी बोटं एकेक करून सोडवली. “अगं, बाजूला हो, काय हे,” म्हणाली, आणि सगळ्यांदेखत पट्ट्याचं बक्कल काढलं.

खाली काही नव्हतं.

बदक नव्हतं. भिंतीवरचं चित्र काढल्यावर उरते तशी जराशी फिकी जागा होती, बाकी मनगट स्वच्छ. मला मलम आठवलं. पुरळ आठवलं. झोपतानाही न काढलेलं घड्याळ आठवलं. त्या ऑफिसात दोन बदकं आहेत असं समजून मी खोटं बोलले होते. तिथे माझं एकटीचंच होतं. आणि सरांना घड्याळ काढून हात दाखवते म्हणाली होती, माझी शप्पथ घेऊन. काय दाखवणार होती? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. परक्याने कापला असता तर निदान ओरडले असते.

गाण्याच्या बाईंनी साखळी अडकवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींची नजर माझ्या उघड्या हातावर होती. “अजून आहेच का हे?” त्यांनी आईला विचारलं.

“लेझरने काढून टाकणार आहे ती,” आई म्हणाली. आवाज अगदी शाळेतला. “मी सांगितलंय तिला. फारसं दुखत नाही त्यात. चार-पाच वेळा जावं लागतं आणि मलम लावावं लागतं, इतकंच.”

बायकांनी माना डोलावल्या. कोणालाच काही प्रश्न पडला नाही.

“तुला कसं माहीत?” मी विचारलं.

माझा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. सेक्रेटरी आईकडे बघायला लागले, मग तिच्या हाताकडे. मी बाही खाली ओढली नाही. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती नव्या घड्याळाची वेळ लावत होती. बराच वेळ लावत होती.